मदत हवी आहे: आईच्या जेवणात दाणे-बदाम कसे बसवू?

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीकडचे. आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी रोज मूठभर बदाम-अक्रोड खायला सांगितलंय. आई म्हणते, "मला माझी शेंगदाण्याची चटणी बास." तिचं अगदीच चुकतंय असं मला वाटत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, बदामात २१च्या आसपास. ओमेगा-३ (शरीराला लागणारी एक चांगली चरबी) मात्र शेंगदाण्यात जवळपास नाहीच. ते अक्रोडात आहे, आणि आपल्या जवसात तर भरपूर.

अडचण अशी की तिच्या दाढा पडल्यात, अख्खा दाणा चावता येत नाही. चटणीत मीठ बरंच पडतं आणि बीपीही काठावर आहे. कूट करून ठेवलं तर उन्हाळ्यात लगेच खवट वास मारतं. बुरशी धरलेले काळपट दाणे मी निवडून फेकतेच, त्यात अफ्लाटॉक्सिनची (बुरशीतून होणाऱ्या विषाची) भीती असते.

ज्वारीच्या भाकरीसोबत चालेल असं कमी मिठाचं काही तुमच्याकडे करतात का? भाजलेले दाणे, जवस आणि थोडे अक्रोड एकत्र कुटले तर चव जमते का? आणि ३० ग्रॅम दाण्यांत १७०च्या आसपास कॅलरी येतात, मग भाकरी थोडी कमी करावी का? कुणी आहारतज्ज्ञ असाल तर जरूर सांगा.