इंग्लंडला मुलीकडं चाललोय, समुद्रावर गळ टाकायला लायसन लागतं का?

हरिपूरकर: मंडळी, जुलैमधे लेकीकडं डॉर्सेटला चाललोय महिनाभर. आपण आयुष्यभर संगमावर कणकेचा गोळा लावून गळ टाकणारी माणसं, समुद्राचा अनुभव शून्य. जावई म्हणतो तिकडं लायसन काढावं लागतं, खरं का? आणि रॉड इथनं न्यावा का?

मिरजेचा_गळवाला: काका, जावयाचं अर्धं बरोबर. नदी-तळ्यात मासे धरायचे तर १३ वर्षांपुढं लायसन लागतंच, पण समुद्रात किनाऱ्यावरनं टाकायला लागत नाही. फक्त बास मासा ४२ सेंमीपेक्षा लहान असंल तर परत सोडायचा, आणि त्याचे नियम बदलत असतात, तेवढं सरकारी साइटवर बघून घ्या.

वाईचा_पोरगा: मी दोन वर्षं होतो तिकडं. डॉर्सेटला असाल तर चेसिल बीचला जावाच, वाळू नाही सगळे गोटे, पाणी काठालाच खोल त्यामुळं उन्हाळ्यात बांगडे अगदी जवळ येतात, पिसं लावलेले पाच-सहा गळ एकाच दोरीला, एका फेकीत तीन तीन लागतात!! पण लाटा लई वाईट, पाणी जोरात मागं ओढतं, वारा असला की जाऊच नका. रॉड तिथंच घ्या, आपला नदीचा तिथं टिकणार नाही.

हरिपूरकर: बरं झालं विचारलं. बांगड्याला मसाला मात्र इथनंच नेतो, ही आत्ताच कांडप बघायला लागलीय.