शेतकरी कामगार पक्ष कितपत डावा?

प्रश्न (तासगाव)

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. शेतकरी कामगार पक्षाची (शेकापची) गणना डाव्या पक्षांत करावी, असे आम्ही सांगत आलो. परवा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ज्या पक्षाचा मुख्य आधार जमीन असलेला शेतकरी आहे, तो भूमिहीनांच्या बाजूचा कसा मानायचा?" शंका रास्त आहे. आपल्या भागात हा पक्ष जवळून पाहिलेल्यांनी मत द्यावे.

उत्तर (वाळवा)

जाहीर भूमिका पाहिली तर उत्तर स्पष्ट आहे. 1950 साली दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवाद स्वीकारणारा प्रबंध मंजूर केला आणि तो दाभाडी प्रबंध म्हणून ओळखला जातो. मात्र पक्षाची मुळे त्याहून जुनी आहेत. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये गेली होती आणि काँग्रेसवर शहरी, व्यापारी व उच्चवर्णीय वर्गाची पकड आहे, या भावनेने बाहेर पडली. त्यामुळे ह्या पक्षाच्या डावेपणात वर्गाइतकाच जातीचा प्रश्न मिसळलेला आहे, आणि युरोपातल्या व्याख्येत तो पूर्णपणे बसत नाही. पुढे जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. उलट आमच्या तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1957 साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. एकाच पक्षातून माणसे दोन्ही दिशांना गेली, यावरून त्याची जागा कुठे होती याचा अंदाज यावा.

उत्तर (विटा)

वरील माहिती मान्य आहे, परंतु ठरावांपेक्षा मागण्या तपासाव्यात असे माझे मत आहे. शेतमालाला रास्त भाव द्या, ही मागणी मुळात डावी किंवा उजवी नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनीही भावासाठीच शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरवले, पण सरकारने बाजारातून बाजूला व्हावे हा त्यांचा आग्रह होता आणि 1994 साली त्यांनी स्थापलेला स्वतंत्र भारत पक्ष खुल्या अर्थव्यवस्थेचा उघड पुरस्कार करीत असे. शेकापचे नेते, ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील त्याच शेतकऱ्यासाठी बोलत, मात्र त्यांची मागणी सरकारने जबाबदारी घ्यावी अशी असे, आणि रायगडातील विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध ते जमीन वाचवण्यासाठी उभे राहिले. फरक इथे दिसतो. युती हा निकष मी मानत नाही. 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या मंत्रिमंडळात एन. डी. सहकारमंत्री होते आणि त्याच मंत्रिमंडळात पूर्वीच्या उजव्या जनसंघाची माणसेही होती.

उत्तर (आटपाडी)

विद्यार्थ्याच्या शंकेचे खरे उत्तर आमच्या दुष्काळी पट्ट्यात मिळेल. 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर आणि सांगोल्याचे शेकापचे आमदार गणपतराव देशमुख यांनी कृष्णेचे पाणी तेरा तालुक्यांना मिळावे म्हणून हा लढा चालवला. त्यातील समन्यायी वाटपाचा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. पाणी रानाच्या क्षेत्राप्रमाणे न देता कुटुंबाप्रमाणे द्यावे आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यालाही वाटा असावा, असे त्यात मांडले गेले. जमीनधारकांच्या आधारावर उभ्या असलेल्या पक्षाचा आमदार या मागणीमागे उभा राहतो, तेव्हा त्याला डावे म्हणायला मला संकोच वाटत नाही. शेतमजुराच्या रोजाच्या प्रश्नावर मात्र हा पक्ष कम्युनिस्टांइतका आग्रही राहिला नाही, कारण मजुरी देणारा बहुधा त्याचाच मतदार असतो. म्हणून कम्युनिस्टांच्या उजवीकडे आणि काँग्रेसच्या डावीकडे, अशी जागा मी देईन. पाण्याच्या प्रश्नावर तो आणखी डावीकडे सरकतो.

प्रश्नकर्ता (तासगाव)

आभारी आहे. प्रश्नागणिक जागा बदलते, हे पाणी आणि मजुरी ह्या दोन उदाहरणांवरून वर्गात मांडीन. ह्याच दोन प्रश्नांवर सहकारी साखर कारखान्यांतून पुढे आलेल्या काँग्रेस नेतृत्वाची जागा कुठे लागते, हेही विद्यार्थ्यांना तपासायला सांगणार आहे.