पायाभूत गणित पक्के करून घ्या, ही पालकांची मागणी चुकीची आहे का?

धागाकर्ता (एक पालक)

आम्ही काही पालक मुलांच्या शाळेला एक निवेदन देणार आहोत. त्यात तीनच मागण्या आहेत. चौथी संपेपर्यंत दहापर्यंतचे पाढे प्रत्येक मुलाला न अडखळता यावेत आणि त्याची वेळ लावून चाचणी घ्यावी. चारही क्रियांची उभी मांडणी सर्वांकडून पक्की करून घ्यावी. आणि अपूर्णांकांना वर्षाच्या शेवटी घाईने उरकण्याचा धडा न मानता पुरेसा वेळ द्यावा.

या निवेदनाचे निमित्त म्हणजे माझ्या पाचवीतल्या मुलाची वही. तिच्यात ४०३ मधून १६८ वजा केल्यावर उत्तर ३६५ लिहिलेले होते, आणि त्याच्या शेजारी चूक की बरोबर अशी कोणतीच खूण नसून फक्त 'छान प्रयत्न' असा शेरा होता. मुलाचा उत्साह टिकावा हा हेतू मला समजतो; पण उत्तर चुकले आहे हे त्याला कुणी सांगितलेच नाही, तर तो ते दुरुस्त कधी करणार?

हा वाद नवा नाही. अमेरिकेत गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ साली जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत कागद-पेन्सिलीने करायच्या मोठ्या आकडेमोडीवरचा भर कमी करून कॅल्क्युलेटरला सर्व इयत्तांत स्थान देण्यात आले. पुढे कॅलिफोर्नियात पालक संघटित झाले आणि १९९७ च्या राज्य मानकांत पाढे व लांब भागाकार पुन्हा ठळकपणे आले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने दहा गणित अभ्यासक्रमांची शिफारस केली, तेव्हा दोनशेहून अधिक गणितज्ञ व वैज्ञानिकांनी वर्तमानपत्रात खुले पत्र छापून ती मागे घेण्याची मागणी केली. त्यामुळे पाढ्यांचा आग्रह म्हणजे केवळ जुन्या पिढीचे स्मरणरंजन, असे म्हणून आमची मागणी कुणी उडवून लावू नये.

माझे म्हणणे साधे आहे. मेंदूची कार्यकारी स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकते. ३/४ आणि ५/६ यांची बेरीज करताना छेद १२ करायचा, ९/१२ आणि १०/१२ मांडायचे आणि १९/१२ पर्यंत पोहोचायचे, हे सगळे चालू असताना जे मूल तीन चोक बारासाठी बोटे मोजत बसते, त्याच्या हातून उदाहरणाचा धागाच सुटतो.

प्रतिसाद १ (प्राथमिक शिक्षिका)

तुमची कळकळ पटते, निदान मात्र पटत नाही. 'छान प्रयत्न' हा शेरा अपुरा होता, हे आधीच मान्य करते. पण ३६५ हे उत्तर कुठून आले ते पाहा. आठातून तीन गेले पाच, सहातून शून्य गेले सहा, चारातून एक गेला तीन. तुमच्या मुलाने तिन्ही स्थानांवर 'मोठ्यातून लहान वजा करायचे' हा एकच नियम अतिशय निष्ठेने पाळला आहे. हा नियम त्याच्या मनात आला तो सरावाच्या अभावाने नव्हे, तर पहिली-दुसरीत कुणीतरी तो अर्थाशिवाय सांगितला म्हणून. अशा मुलाला तशीच आणखी पन्नास उदाहरणे घातली, तर ती पन्नासही तो याच पद्धतीने सोडवील आणि चूक हाडीमांसी खिळेल.

या उदाहरणातला खरा पेच मधल्या शून्याचा आहे, कारण हातचा घ्यायला शेजारी जावे तर तिथे काहीच नाही. मी मुलांना ४०३ म्हणजे ४० दशक आणि ३ सुटे असे वाचायला लावते. एक दशक सुटा केला की ३९ दशक आणि १३ सुटे होतात. १३ मधून ८ गेले ५, ३९ मधून १६ गेले २३, म्हणजे २३५. शून्यावरून उडी मारून चारशेच्या दारात जाण्याची कसरत करावीच लागत नाही. आणि त्याही आधी विचारते, की चारशेतून साधारण पावणेदोनशे गेले तर किती उरतील? ज्याला सव्वादोनशेच्या आसपास असे सुचते, त्याच्या हातून ३६५ लिहिले गेलेच, तरी ते त्याला खटकते. उभी मांडणी हे खटकणे शिकवत नाही.

वेळ लावलेल्या चाचणीला तर माझा स्पष्ट विरोध आहे. इंग्लंडमध्ये २०२२ पासून सरकारी शाळांतल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी बारापर्यंतच्या पाढ्यांची संगणकावरची चाचणी सक्तीची आहे. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. सहा सेकंदांत स्मरण तपासता येत असेल, समज तपासता येत नाही. घड्याळ सुरू होताच काहीही आकडे लिहून मोकळी होणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत, आणि त्यांतली काही वर्गातली सर्वांत विचारी मुले होती.

प्रतिसाद २ (अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवतो)

बाईंचे विश्लेषण सुरेख आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. मूल अर्थाशिवाय नियम शिकले, तर त्याला नियम नीट शिकवावा; तो बाजूला ठेवणे हा उपाय नव्हे. ३९ दशक आणि १३ सुटे हीदेखील एक मांडणीच आहे, आणि तीही हातात बसेपर्यंत वीस-पंचवीस वेळा करावीच लागते.

शाळेत 'नंतर येईल' म्हणून सोडलेले जे काही असते, ते शेवटी माझ्या वर्गात येऊन बसते. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारे मूल प्राथमिकमध्ये गोड वाटते. तेच पुढे १/अ + १/ब म्हणजे २/(अ+ब) असे लिहिते, तेव्हा कुणालाही गोड वाटत नाही. लांब भागाकार कालबाह्य झाला असे म्हणणाऱ्यांनी १ ला ७ ने भागून पाहावे. बाकी प्रत्येक वेळी १ ते ६ यांपैकीच राहू शकते, म्हणून फार तर सहा पायऱ्यांनंतर जुनी बाकी परत येणार आणि ०.१४२८५७ हे आवर्तन पुन्हा सुरू होणार. प्रत्येक परिमेय संख्येचा, म्हणजे अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येणाऱ्या संख्येचा, दशांश विस्तार संपतो किंवा आवर्ती होतो, हे एवढे मोठे सत्य भागाकार हाताने करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उलगडते. कॅल्क्युलेटरवर ते दिसत नाही, कारण तिथे बाकीच दिसत नाही. बहुपदींचा भागाकारही याच मांडणीवर उभा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय गणित सल्लागार मंडळाने २००८ च्या अहवालात संकल्पना, क्रियांवरील प्रभुत्व आणि उदाहरणे सोडवण्याची क्षमता या परस्परांना बळ देणाऱ्या गोष्टी असल्याचे सांगून त्यांच्यातला वादच अनाठायी ठरवला होता. त्याच अहवालात अपूर्णांकांवरील प्रभुत्वाला बीजगणिताचा पाया मानले आहे. तेव्हा धागाकर्त्यांची तिसरी मागणी खरे तर पहिली असायला हवी.

प्रतिसाद ३ (दुसरी एक पालक)

मीही पालक आहे, पण या निवेदनावर सही करणार नाही. शाळेने 'पाढे पक्के हवेत' एवढाच फतवा काढला, तर पक्के करण्याचे काम घरावर किंवा शिकवणीवर येते, आणि ज्या घरात ते करून घेणारे कुणी नाही त्या मुलाच्या पदरी फक्त चाचणी उरते.

शिवाय पाठ होणे म्हणजे येणे नव्हे. माझ्या मुलीला 'सात अठ्ठे किती' असे मध्येच विचारले, की ती सात एके सातपासून गाडी सोडते आणि छप्पन्नवर येऊन थांबते. तिला साताचा पाढा येतो की साताचे गाणे येते, हा मला पडलेला प्रश्न आहे.

प्रतिसाद ४ (प्राथमिक शिक्षिका)

गाण्याचा मुद्दा अगदी नेमका आहे. त्यावर वर्गात उपयोगी पडणारा एक हिशेब सांगते. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार दिसतात. एकाचे आणि दहाचे सोडून द्या, सात अठ्ठे आणि आठ सत्ते एकच धरा, की उरतात फक्त छत्तीस. त्यांतलेही दोन ते पाचपर्यंतच्या पाढ्यांत येणारे मुले लवकर आत्मसात करतात. खरे अडणारे सहा ते नऊ यांच्या आपसांतले दहाच. हे दहा फळ्यावर मांडले, की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. सात दुणे चौदा, त्याची दुप्पट अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न, अशी वाट एकदा सापडली की छप्पन्न विसरले तरी मूल अडून राहत नाही.

भागाकाराबाबत प्राध्यापकांचे म्हणणे मला मान्य आहे. बाकीचा तो मुद्दा मी असा कधी पाहिला नव्हता. घड्याळ मात्र नको.

धागाकर्ता

काल मुलाला काहीही न शिकवता एवढेच विचारले, की चारशेतून पावणेदोनशे गेले तर किती? तो क्षणभर थांबला, 'सव्वादोनशे' म्हणाला, आणि मग स्वतःच वही उघडून त्या ३६५ कडे बघत बसला. आपले निदान अर्धेच होते हे मला तेव्हा पटले. निवेदनात अपूर्णांकांची मागणी आता पहिली येईल. पाढ्यांच्या कलमात 'क्रमाने म्हणणे' नव्हे तर 'मध्येच विचारल्यास सांगता येणे' असे लिहू, आणि हे काम शाळेच्या वेळेतच व्हावे असेही घालू, म्हणजे सही न करणाऱ्या ताईंनी पुन्हा विचार करावा.

चाचणीच्या वेळेबाबत मात्र मी अजून सहमत नाही. वेळ लावली नाही, तर उत्तर आठवले की मोजून काढले हे शिक्षकांना कळणार कसे?

प्रतिसाद ५ (प्राथमिक शिक्षिका)

मुलाच्या बोटांकडे आणि ओठांकडे पाहिले की कळते. त्यासाठी एका वर्गात साठ मुले नकोत, हेही त्याच निवेदनात घाला. मग पहिली सही माझी.