जुन्या एसीचा आर-२२ गॅस खरंच बंद होतोय का? आणि हे ठरवतं कोण?

म्हैसाळ_रोड:
आईच्या खोलीतला दीड टनी स्प्लिट एसी यंदा उन्हाळा लागताच गार करेनासा झाला. मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, "गॅस गेलाय. पण हा आर-२२, आता महाग पडणार. नवीनच घ्या." कारण विचारलं तर एवढंच, "सगळ्या देशांनी मिळून बंद केलाय."

हे खरं आहे, की नवा एसी गळ्यात मारायचा प्रकार? आणि खरं असेल तर दुसरीच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. आमच्या कृष्णेच्या पाण्यावरून राज्यांचं वर्षानुवर्षं जमत नाही, मग एका गॅसवर सगळ्या जगाचं कसं जमलं? की नुसतं कागदावर?

पेठेतला_पंखा:
कागदावरच. जुन्या गॅसचं पेटंट संपलं की कंपन्या नवा गॅस काढतात आणि जुन्यावर बंदी आणायला लावतात. भुर्दंड आपल्याला.

गेज_सातारा:
ताई, तुमच्या मेकॅनिकने खरं सांगितलं, पण अर्धंच. आयटीआय झाल्यापासून मी फ्रीज-एसीचंच काम करतोय. आर-१२ जाताना पाहिला, आता आर-२२ जाताना पाहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या कराराचं नाव मॉन्ट्रियल प्रोटोकॉल, १६ सप्टेंबर १९८७. आर-१२ सारखे क्लोरीनवाले गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा थर किती विरळ झालाय ते मोजमापातून जगापुढे आलं आणि दोन वर्षांत सह्या झाल्या. आज जगातला एकही देश या कराराबाहेर नाही.

कागदावर म्हणणाऱ्यांनी माझी बॅग बघावी. पूर्वी फ्रीजला आर-१२ असताना बरेच जण व्हॅक्यूम पंप लावतच नसत. थोडा गॅस सोडून द्यायचा, त्याच्या जोरावर लाइनमधली हवा बाहेर काढायची आणि चार्जिंग करायचं. त्याच्या जागी आर-१३४ए गॅस आला आणि ते चालेना. त्याच्या कॉम्प्रेसरला पीओई तेल लागतं आणि ते तेल हवेतली ओल ओढून घेतं. नीट व्हॅक्यूम न करता गॅस भरला की कॅपिलरी, म्हणजे गॅसची बारीक नळी, चोक, नाहीतर कॉम्प्रेसर जाम. मग पर्यावरण मंत्रालयाच्या ओझोन सेलच्या योजनेतून मेकॅनिक लोकांची प्रशिक्षणं झाली. माझंही झालं. नायट्रोजनने प्रेशर टेस्ट कशी घ्यायची, गॅस हवेत न सोडता रिकव्हरी सिलिंडरमध्ये कसा ओढायचा, ते मी तिथे शिकलो. परदेशात झालेल्या सह्या माझ्या हातापर्यंत अशा पोचल्या.

आता तुमचा आर-२२, तोही क्लोरीनवालाच. आपल्यासारख्या देशांना तो हप्त्याहप्त्याने कमी करायचाय. २०२५ पासून २००९-१० च्या सरासरीपेक्षा ६७.५ टक्के कमी, २०३० ला बंद. जुनी यंत्रं चालू ठेवायला त्यानंतरही २०४० पर्यंत अगदी थोडा वाटा राखून ठेवलाय. नव्या एसीत आर-२२ घालणं २०२४ संपताना थांबलं. म्हणजे तुमच्या एसीत तो भरून घेणं बेकायदा नाही. माल कमी होत चाललाय, म्हणून भाव चढतोय.

पंखा दादा, नव्या गॅसमध्ये कंपन्यांना फायदा दिसला हे मलाही मान्य. पण आर-२९० म्हणजे साधा प्रोपेन, त्यावर कुणाचं पेटंट आहे? त्यावर चालणारे एसी आपल्याकडे बनतात आणि विकले जातात, मी बसवले आहेत.

नागरिकशास्त्र_कराड:
गेज दादांनी हातातलं सांगितलं, मी वाटाघाटींचं सांगते. ताईंचा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

१९८७ ला भारताने सही केली नव्हती, चीननेही नाही. आपलं म्हणणं सरळ होतं: थराची नासाडी मुख्यतः श्रीमंत देशांच्या वापराने झाली, मग कारखाने बदलायचा खर्च आम्ही का उचलायचा? १९९० च्या लंडन बैठकीत हे म्हणणं मान्य झालं. श्रीमंत देशांच्या पैशातून निधी उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि चीन व भारत आले तर २४ कोटी. चीन १९९१ मध्ये आला, आपण १९९२ मध्ये. निधीच्या कार्यकारी समितीत सात जागा देणाऱ्यांच्या, सात घेणाऱ्यांच्या. मुदतीही वेगळ्या: सीएफसी, म्हणजे आर-१२ सारखे गॅस, त्यांनी १९९६ ला बंद करायचे, आपण २०१० ला.

दुसरी गोष्ट व्यापाराची. कराराबाहेरच्या देशाशी या रसायनांचा व्यापार बंद. त्यामुळे बाहेर राहणंच महाग पडू लागलं.

आणि तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते. यादीत आधीच असलेल्या रसायनाची मुदत अलीकडे आणायची असेल तर नवा करार लागत नाही. सदस्य देश बैठकीत ठरवतात, एकमत नाहीच झालं तर दोन तृतीयांश मतांनी, आणि ते सगळ्यांना लागू होतं. आर-२२ ची आपली मुदत आधी २०४० होती. २००७ च्या बैठकीत ती अशीच २०३० वर आली. कृष्णेचा निवाडा म्हणजे एकदा दिलेले आकडे, आणि पुढची वर्षं त्यांच्यावर भांडण. इथे दर वर्षी एकत्र बसून आकडे तपासायची सोय करारातच आहे.

मोडतोड झाली नाही असं नाही. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की बंदी असलेला सीएफसी-११ हवेत जेवढा घटायला हवा तेवढा घटत नाहीये. पुढच्या वर्षी कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून त्यातला बराचसा पूर्व चीनमधून येतोय असं दिसलं. फोम बनवायला तो चोरून वापरला जात होता. चीनने कारवाई केली आणि काही वर्षांत आकडा पुन्हा खाली आला.

पेठेतला_पंखा:
निधीचं आणि सात-सात जागांचं माहीत नव्हतं. पण मग नव्या आर-३२ गॅसचे एसी आत्ताच घेतलेत त्यांनी काय करायचं, तोही जाणार म्हणतात ना?

गेज_सातारा:
जाणार नाही, कमी होणार. आर-३२ आणि आर-४१०ए ओझोनला धोका करत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. म्हणून २०१६ मध्ये किगालीला याच करारात दुरुस्ती झाली. आपण ती २०२१ मध्ये मान्य केली. आपला वापर २०२८ ला गोठवायचा, २०३२ पासून उतरवायला लागायचं, २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी. तुमचा एसी त्याच्या आयुष्यभर बिनधास्त चालेल.

मला काळजी वेगळीच आहे, आणि ती मनापासून आहे. जुना एसी काढताना गॅस रिकव्हर करायला मशीन लागतं, सिलिंडर लागतो, तासभर जातो. त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. मग पुष्कळ ठिकाणी पाइपच्या जोडावरचा फ्लेअर नट सैल करतात आणि फुस्स करून सगळा गॅस गॅलरीतून बाहेर. एक किलो आर-२२ सोडला की शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. करारात कारखान्यांचा हिशोब आहे, आयातीचा आहे. या सैल केलेल्या नटाचा नाही. निधीतला पैसा जुना गॅस गोळा करायलाही यावा, तालुक्याच्या गावी सिलिंडर जमा करता यावा, असं मला फार वाटतं.

ताई, तुम्ही आधी लिकेज शोधून घ्या. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायला सांगा, बहुतेक वेळा फ्लेअर जॉइंटलाच सापडतं. लिकेज न काढता नुसता टॉप-अप करू देऊ नका, महिन्याभरात परत तेच. कॉइलच कुजली असेल तर मात्र खर्च करू नका, नवा घ्या. आणि आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ भरतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्याचं प्रेशर जास्त असतं, शिवाय तो पेट घेतो.

म्हैसाळ_रोड:
दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. बाहेरच्या युनिटच्या जॉइंटला फेस लावला आणि बुडबुडे आले. जॉइंट नवा केला, व्हॅक्यूम करून गॅस भरला, आईची खोली गार झाली. उरलेला जुना गॅस तुम्ही सांगितल्याप्रमाणे सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला सांगितला, त्याचे वेगळे पैसे दिले. तो म्हणाला, असं सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं.