केळशीला कॅम्परव्हॅनने दोन रात्री: जागा, पाणी, वीज?

मुळशीकर:
पौष पौर्णिमेला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी पुण्याहून दापोली तालुक्यातल्या केळशीला समुद्रकाठी जायचा बेत आहे. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली भाड्याची कॅम्परव्हॅन आहे. आम्ही दोघं, ६ आणि १० वर्षांची मुलं आणि सासूबाई. झोपणं, स्वयंपाक सगळं गाडीतच. पाण्याची टाकी १०० लिटर, साधी ट्यूब्युलर बॅटरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-तास, बॅटरीवर चालणारा ४५ लिटरचा फ्रिज, एक टनाचा एसी, कॅसेट टॉयलेट (खालची मैल्याची टाकी काढून रिकामी करायची). गाडी थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, लावता येते का? परतताना दाभोळ-धोपावे जेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) गुहागर करायचं आहे.

खाडीपार:
पुळणीवर गाडी अजिबात नको. एक तर जानेवारीत कासवांच्या विणीचा हंगाम चालू असतो, अंडी वाळूखाली असतात आणि वरून काही दिसत नाही. दुसरं म्हणजे तुम्ही नेमकी उधाणाची भरती निवडली आहे.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा, दुपारीही आणि रात्रीही. म्हणजे सगळे गाढ झोपलेले असताना पाणी सर्वांत वर. संध्याकाळी ओहोटीला दिसणारी लांबरुंद पुळण बघून जागा ठरवली की फसगत होते.

गाडी सुरूच्या बनाच्या गावाकडच्या बाजूला, मुरमाच्या कडक जमिनीवर लावा. आधी ग्रामपंचायतीत विचारा, पोलीसपाटलांच्या कानावर घाला. माडाखाली लावू नका, नारळ पडला तर काच किंवा टपावरचं सोलर पॅनेल गेलंच म्हणून समजा. सुरूत चूल पेटवू नका, खाली सुया वाळलेल्या असतात. कासवांसाठी समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा.

आणि चाक रुतलंच तर रेस करू नका. प्रत्येक फिरक्यात ते आणखी खाली जातं आणि शेवटी गाडी पोटावर बसते. चाकांपुढची-मागची वाळू उपसा, भरलेल्या गाडीची हवा ३० पीएसआयपर्यंत उतरवा, फळ्या सरकवा आणि आलात त्याच चाकोरीतून उलटे निघा. जॅक नुसत्या वाळूवर ठेवला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. त्याखाली फूटभर रुंद जाड फळी हवी. डांबरी लागली की आधी हवा भरा, मग वेग. म्हणून हवेचा छोटा पंप सोबत असू द्या.

पाऊणवॅट:
विजेचा हिशेब. ट्यूब्युलर बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाती ७५ अँपिअर-तास. कोकणातल्या उकाड्यात फ्रिज दिवसाला साधारण ४५ खातो, २० वॅटचे दोन पंखे रात्रभर २७, दिवे-पंप-मोबाईल ८. झाले ८०. पहिल्याच दिवशी उधारी! सोलरवर विसंबू नका. सुरूच्या सावलीत फ्रिजला आराम, पण पॅनेलला उपास.

मुळशीकर:
मग एसी? सासूबाईंना उकाडा सोसत नाही.

पाऊणवॅट:
बॅटरीवर नाहीच. इन्व्हर्टरची तूट धरून १०० अँपिअरच्या आसपास ओढतो, अर्ध्या तासात बॅटरी बसेल. मुक्काम एखाद्या घराच्या खळ्यात (अंगणात) करा आणि १५ अँपिअरच्या प्लगवरून वीज घ्या, रीतसर पैसे ठरवून. वायर २.५ चौरस मिमीची, आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली वायर तापते, वितळतेसुद्धा. अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावू नका, गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते भाडेवाल्याला विचारा. जुन्या घरांत अर्थिंगच्या नावाने बऱ्याचदा नुसतं तिसरं भोक असतं.

विहीरकाठ:
पाणी: पाच माणसं, काटकसरीने माणशी १५ लिटर, म्हणजे रोज ७५. समुद्रातून आल्यावरच्या आंघोळी यात धरलेल्या नाहीत, त्या खळेवाल्यांच्या विहिरीवर बादलीनेच होऊ द्या. सांडपाणी वाळूत सोडू नका. आंघोळीचं पाणी विचारून माडाच्या आळ्यात जाऊ शकतं, भांड्यांचं तेलकट मात्र नको.

कॅसेट हा खरा प्रश्न. रिकामी करायची सोय त्या बाजूला नाही, घरमालकाच्या सेप्टिक टँकमध्येच ओतावी लागते. फॉर्मल्डिहाइडवालं निळं औषध टँकमधले जिवाणू मारतं, तेव्हा त्याशिवायचं औषध घ्या. हे मालकाला आधी सांगायचं, ओतल्यावर नाही.

खाडीपार:
जेटीचं राहिलं. ट्रॅव्हलरचा मागचा लोंबता भाग हीच अडचण. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन तीव्र होतो, मागचा बंपर आणि सांडपाण्याचा पाइप घासतो. भरती अर्धी झाल्यावर पोचा, तिरकं न घेता सरळ आणि अगदी सावकाश चढवा, सासूबाई-मुलांना खाली उतरवून. गॅसची टाकी बंद. आणि आंजर्ल्याच्या बाजूने जाणार असाल तर टपाची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. गावातल्या गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, वर फणसाच्या फांद्या आणि लोंबत्या तारा. समोरून एसटी आली तर मागे तुम्हालाच यावं लागेल.