मदत हवी आहे: बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीसाठी सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं का?

नमस्कार मंडळी,

भाचीच्या प्रवेशाबद्दल सल्ला हवा आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगितलं तर फार उपयोग होईल.

बारावी सायन्स झाली, ग्रुप पीसीबी, गुण चांगले. नीटमध्ये सरकारी जागा मिळेल इतके गुण नाहीत आणि आणखी एक वर्ष क्लासमध्ये घालवायची तिची तयारी नाही. तिला बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करायचं आहे. विषयाबद्दल घरात कुणाचंच दुमत नाही. अडलंय ते कुठल्या कॉलेजात आणि किती कर्ज काढून, यावर.

ताई-दाजी कोरेगाव तालुक्यात असतात. पावणेदोन एकर बागायत, त्यात आलं आणि ऊस, शिवाय दाजींची दुकानातली नोकरी. उत्पन्नाचा दाखला ३ लाख ९० हजारांचा आहे. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे, त्यामुळे सगळे कागद आपसूक माझ्याकडे आले.

एक पर्याय पुण्यातलं खासगी विद्यापीठ. फी वर्षाला १,२५,०००, हॉस्टेल-मेसचे साधारण ७५,०००. तीन वर्षांचे सहा लाख. दुसरा पर्याय साताऱ्यातलंच कॉलेज. फी त्याच्या पाव हिश्श्याच्याही आत, आणि एसटीच्या पासावर घरून येऊन-जाऊन. दाजी पहिल्यासाठी बँकेत जाऊन आले. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू, मुदत पंधरा वर्षांपर्यंत. हे ऐकून घरात सगळे निर्धास्त झाले. यातलं काहीही खोटं नाही, पण व्याजाचं कुणी विचारलंच नव्हतं.

मी मांडलेला हिशेब असा. दर वर्षाच्या सुरुवातीला दोन लाखांची उचल, व्याज १० टक्के धरलंय. पहिल्या उचलीवर चार वर्षांचं, दुसरीवर तीन, तिसरीवर दोन वर्षांचं सरळव्याज, मिळून १,८०,०००. शिकत असताना ते भरलं नाही तर मुदलात जातं. म्हणजे पहिला हप्ता येईल तेव्हा कर्ज ७ लाख ८० हजारांचं झालेलं असेल. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण १०,३००. पंधरा वर्षं घेतली तर ८,४००, पण मग एकूण परतफेड १५ लाखांच्या वर जाते.

आता मिळकतीची बाजू. ताईंच्या शेजारची एक मुलगी हीच पदवी घेऊन पुण्यात औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला लागली. मीडिया म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य तयार करायचं, ते वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायचा, इन्क्युबेटरमधून प्लेटा काढून त्यावरच्या कॉलनी मोजायच्या आणि रजिस्टरमध्ये सही करायची. काम जबाबदारीचं, शिफ्टचं. हातात १८,००० येतात. कॉट बेसिसवरची खोली, डबा, बस आणि मोबाइल एवढं वजा जाता पाच-साडेपाच हजार उरतात. तिच्यावर कर्ज नाही म्हणून ते उरतात. भाचीला याच पगारावर दहा हजारांचा हप्ता आला तर तो दाजींच्या आल्याच्या पट्टीतूनच भरावा लागेल, आणि आल्याचा दर कसा कोसळतो ते कोरेगाव-साताऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको.

शिवाय माझी समजूत अशी की या विषयात बी.एस्सी. म्हणजे निम्मा रस्ता. संशोधनाकडे किंवा कंपनीत आर अँड डीकडे जायचं तर एम.एस्सी. लागतेच. जीएटी-बी परीक्षेतून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या एम.एस्सी.च्या जागा मिळतात, तिथे विद्यावेतनही असतं. पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा काढून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आहेत. हे सगळं पदवीनंतरचं. म्हणून मला वाटतं, कर्ज काढायची जी काय ऐपत आहे ती एम.एस्सी.साठी राखून ठेवावी आणि पदवी साताऱ्यातच करावी. पदवीलाच सहा लाख उचलले तर एकवीस-बाविसाव्या वर्षी हप्त्यासाठी मिळेल ती नोकरी धरावी लागेल, मग ती मेडिकल कोडिंगची (दवाखान्याच्या नोंदींना विम्यासाठी सांकेतिक क्रमांक द्यायची) असो की औषध विक्रीची, आणि एम.एस्सी. राहून जाईल.

भाचीचं म्हणणंही मला खोडता येत नाही. ती दोन्हीकडे जाऊन प्रयोगशाळा बघून आली. पुण्यात पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढायचं यंत्र) स्वतः हाताळायला देतात आणि तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांची इंटर्नशिप असते. "मामा, तीन वर्षं नुसतं प्रात्यक्षिक बघून मी जीएटी-बीला काय लिहिणार?" असं तिने विचारलं. पोरगी हुशार आहे. गेल्या पावसाळ्यात आल्याला कंदकूज लागली तेव्हा औषधाच्या दुकानदाराने दिलेली बाटली फवारण्याआधी तिने कुजका कंद बरणीत ठेवला, बुरशी कशी वाढते ते रोज वहीत लिहिलं आणि पाणी साचणाऱ्या सरीतच जास्त कूज आहे हे दाजींना दाखवून दिलं. अशा मुलीला केवळ पैशापायी अडवायचं माझ्या जिवावर येतंय.

नातेवाईक बी.फार्म. सुचवतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्याकडे ओबीसीचे दाखले तयार आहेत आणि सीईटीही दिलेली आहे. खासगी विद्यापीठाला मात्र ही माफी लागू नाही. पण तिला फार्मसी नको आहे आणि मी त्यासाठी रेटणार नाही.

आता विचारायचंय ते हे. तुम्ही किंवा घरातल्या कुणी गेल्या चार-पाच वर्षांत बी.एस्सी. बायोटेक केलं असेल तर पहिला पगार हातात किती आला आणि तीन वर्षांनी किती झाला? सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरकडे पदवी करून एम.एस्सी.ला चांगल्या संस्थेत गेलेले कुणी आहेत का, आणि प्रयोगशाळेतली उणीव त्यांनी कशी भरून काढली? उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातल्या संशोधन संस्था पदवीच्या मुलांना प्रशिक्षणाला घेतात का? घेत असतील तर पुण्यातल्या हॉस्टेलचे पैसे वाचवून त्यातले थोडे तिकडे घालता येतील.

कर्जाबद्दल एकच. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र भरतं, पण ते तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना. बी.एस्सी. बायोटेकला ही सवलत कुणाला प्रत्यक्ष मिळाली आहे का? मिळाली असेल तर बँकेने कोणता कागद मागितला? १,८०,००० वाचणार असतील तर माझा हिशेब बदलतो, हप्ता आठ हजारांच्या आत येतो.

विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सर्वांत मोठं पॅकेज छापलंय. साठ मुलांमधल्या मधल्या मुलाला किती मिळालं ते मी फोनवर विचारलं, उत्तर मिळालं नाही. कुणाची ओळख असेल तर तेवढा आकडा मिळवून द्या. फी भरायची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे, आणि दाजींनी सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी मला त्यांच्याशी बसून बोलायचं आहे.