मदत हवी आहे: जमिनीखालच्या केबलचा फॉल्ट शोधायचं यंत्र कुठलं?

बर्फवाला_मालिम
नमस्कार मंडळी. आमची जमिनीखालची केबल गेली. फॉल्ट शोधायचं यंत्र विकत घ्यावं की भाड्याने आणावं, आणि कुठलं? ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली, ट्रॉलर सुटले, जेटीवर बर्फ हवाय आणि इथे कॉम्प्रेसर जनरेटरवर चाललाय. डिझेल परवडत नाही. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा. लवकर.

वेर्णा_मेंटेनन्स
११ केव्ही की ४१५ व्होल्ट? लांबी किती? मध्ये जॉइंट आहे का? मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) काय दाखवतो? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुना_लाइनमन
थंपर आणा. कपॅसिटर चार्ज करून केबलमध्ये सोडायचा, फॉल्टच्या जागी जमिनीखाली धप्प आवाज होतो. ग्राउंड मायक्रोफोन घेऊन वरून चालत जायचं. नोकरीभर असेच फॉल्ट काढले.

वेर्णा_मेंटेनन्स
@जुना_लाइनमन दादा, ११ केव्हीला ठीक. यांची एलटी, म्हणजे ४१५ व्होल्टची, निघाली तर तेवढ्या व्होल्टेजने चांगला भागही फुटेल. एक्सएलपीईवर (प्लास्टिक इन्सुलेशनवर) सारखे सर्ज मारू नयेत, ती जुनी कागदी केबल नव्हे.

जुना_लाइनमन
व्होल्टेज कमी ठेवता येतं, दोन-चार केव्हीचे थंपरही असतात. न वापरता नावं ठेवू नका.

डिचोली_सोलर
शेडवर सोलर टाका, डिझेलचा प्रश्न कायमचा मिटेल. पत्र्याचं माप कळवा.

पेडणेकर७
अहो, केबल तुटलेली असताना सोलर कशाला? आणि बर्फ रात्रीही लागतो.

बर्फवाला_मालिम
एलटीच आहे. साडेतीन कोअर (आर, वाय, बी या तीन फेज आणि बारीक न्यूट्रल), १८५ स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम, आर्मर्ड, म्हणजे वर धातूचं कवच. मीटर रूमपासून पॅनेलपर्यंत ३१० मीटर, मध्ये जॉइंट नाही. आर फेज अर्थला मेगरवर शून्य, वाय आणि बी चांगले. मित्राचा टीडीआर (केबलमध्ये पल्स सोडून परत येणाऱ्या पल्सवरून अंतर सांगणारं यंत्र) लावून पाहिला. आर फेजवर शेवटपर्यंत सरळ रेघ, फॉल्ट दिसतच नाही. यंत्र बिघडलंय का?

पेडणेकर७
यंत्राचं नंतर बघू. जनरेटर चालू आहे म्हणता, मग केबलचे लग (टोकाचे जोड) दोन्ही टोकांना सुटे केलेत का? नुसत्या चेंजओव्हर स्विचवर विसंबू नका. मेगर मारल्यावर कोअर अर्थला टेकवून डिस्चार्ज करा.

बर्फवाला_मालिम
लग सुटे आहेत. टीडीआरचं सांगा.

वेर्णा_मेंटेनन्स
मेगर मेगओहममध्ये मोजतो. पाच ओहम असो की पाच हजार, त्याला दोन्ही शून्यच. मल्टिमीटरने आर ते आर्मर ओहममध्ये मोजा.

बर्फवाला_मालिम
साधारण ४ किलोओहम.

वेर्णा_मेंटेनन्स
म्हणजे टीडीआर ठीक आहे. केबलची स्वतःची इम्पिडन्स (पल्सला होणारा रोध) काही दहा ओहमांत असते. तिथे ४ किलोओहमचा फॉल्ट पल्सचा अर्धा टक्काही परत पाठवत नाही. तारेत तुटलं असतं किंवा पक्कं शॉर्ट असतं तर ठळक दिसलं असतं. तुमच्या कामाला ए-फ्रेम: डीसी पल्स सोडायचा, दोन पायांचा फ्रेम जमिनीत टोचत जायचं, फॉल्ट ओलांडला की काटा उलटा फिरतो. पावसाने माती ओली आहे, काटा चांगला हलेल. मात्र आर्मरचं अर्थिंग दोन्हीकडे सोडा, नाहीतर करंट तिकडूनच जाईल.

फोंडा_ब्रिज
आधी अंतर काढा, टोचत ३१० मीटर कशाला हिंडता? मरे लूप! दुसऱ्या टोकाला आर आणि वाय जोडा, इकडून ब्रिज (रोधांचं गुणोत्तर मोजायचं यंत्र). फॉल्टचा रोध बॅटरीच्या वाटेत येतो म्हणून ४ किलोओहमने हिशेब बिघडत नाही. परतीला न्यूट्रल घेऊ नका, १८५ च्या केबलला तो ९५ चा असतो, अंतर चुकेल. जोडणीची तार जाड आणि आखूड हवी, लग पॉलिश पेपरने घासा. येईल तो गुणांक गुणिले ६२०, म्हणजे जाऊन-येऊन ३१० ची दुप्पट.

कुळागर
मुळात फॉल्ट येतात खोदणाऱ्यांमुळे. एलटी केबल पाऊण मीटर खाली हवी, पण जांभा लागला की पहार वरच थांबते. पुढच्या वर्षी फायबरवाला येतो आणि केबल फोडून जातो. आमच्या वाड्यावर दर पावसाळ्यात हेच. वाळू नाही, वर विटा नाहीत. बिलं मात्र पूर्ण खोलीची.

जुना_लाइनमन
@कुळागर अगदी खरं. वरच्या विटा आणि रूट मार्कर यांचे पैसे वाचवू नयेत.

बर्फवाला_मालिम
ब्रिज मिळाला. गुणांक ०.२२, म्हणजे मीटर रूमपासून १३६ मीटर. टेप धरली तर गेटच्या आसपास येतं. ए-फ्रेमही आणला, पण काटा गेटच्या अलीकडे एकदा फिरतो आणि पलीकडे पुन्हा. दोन फॉल्ट आहेत का?

वेर्णा_मेंटेनन्स
गेटखाली केबल पाइपात आहे का?

बर्फवाला_मालिम
हो, एचडीपीई पाइप, सहा मीटर. ट्रक जातात ना वरून.

वेर्णा_मेंटेनन्स
हे पहिल्या दिवशी हवं होतं. पाइप इन्सुलेटर आहे. करंट आतल्या पाण्यातून दोन्ही तोंडांना बाहेर पडतो, ए-फ्रेम तीच तोंडं दाखवतो.

जुना_लाइनमन
थंपरचा आवाजही तोंडांशीच आला असता, हे मान्य. आता ब्रिजवर भरवसा ठेवा. गेट फोडू नका. पाइपाच्या दोन्ही बाजूंना खड्डे घ्या, केबल कापा आणि मेगर दोन्ही लांब तुकड्यांना वेगवेगळा मारा. दोन्ही चांगले आले तरच मधला तुकडा ओढून काढा आणि नवा घाला. दोन सरळ जॉइंट येतील.

पेडणेकर७
वर ताडपत्री बांधा. ओल्या हाताने केलेला जॉइंट पुढच्या पावसात जातो.

बर्फवाला_मालिम
कापली. दोन्ही तुकडे चांगले आहेत. १८५ चा जॉइंट किट म्हापशात आज मिळेल का?